नाकापेक्षा मोती जड

‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण ज्या कुणी काढली, त्यानं आयुष्यात एकही नथ गाठवलेली नसावी, असं माझं पक्कं मत आहे. अहो, मोती जड असायला हरकत नाही. तो नाकाला जड वाटू द्यायचा नाही, यातच तर आमची सारी कारागिरी! लग्नात नवरीनं चार तास नथ घालून मिरवावं, शे-दोनशे माणसांना वाकून नमस्कार करावा, घास घ्यावा, फोटोवाल्यासाठी हसावं, आणि रात्री नथ उतरवून ठेवताना, ‘अगंबाई, ही नाकात होती हे विसरूनच गेले होते!’ असं म्हणावं. एवढ्यासाठी मी चाळीसहून अधिक वर्षं पुण्यात एका खिडकीशी बसून आहे.

खिडकीशी म्हणजे अगदी शब्दशः खिडकीशी. ती उत्तरेला उघडते म्हणून आम्ही ही जागा घेतली. स्वयंपाकघर अंधारं आहे याचं दुःख मी कधी केलं नाही. मोत्याचा रंग उन्हात बघायचा नसतो आणि दिव्याखाली तर मुळीच नाही. दिव्याखाली जुळलेले दोन मोती सकाळी एकमेकांची ओळख दाखवीत नाहीत. एक गुलाबी झाकेचा निघतो, दुसरा पिवळट. म्हणून सकाळी नऊ ते बारा मोती निवडायचे आणि दुपारी तारेचं काम करायचं, हा माझा नेम. आमचे हे नोकरीत होते तेव्हा त्यांचा डबा भरून दिला की मी पाटावर बसत असे. आता ते निवृत्त झाले आहेत, आणि माझ्यासाठी साडेदहाचा चहा तेच करतात. पेला मात्र पाटापासून चार हात लांब ठेवावा लागतो. एकदा तो कलंडला आणि दीड तास आम्ही दोघं जमिनीला नाक लावून मोती वेचत होतो!

माझी मांडणी फार मोठी नाही. पांढरी सुती घडी, दोन चिमटे, एक पकड, एक कातर, डोळ्याला लावायचं भिंग, मोती चाळायच्या पितळी चाळण्या, आणि वडिलांची जंत्री. जंत्री म्हणजे पंचांग नव्हे हं! ही ओळीनं लहान लहान होत जाणाऱ्या भोकांची पोलादी पट्टी. सोन्याची तार एका भोकातून ओढायची, मग त्याहून बारीक भोकातून, मग त्याहूनही बारीक. शेवटी ती केसासारखी होऊन हातात येते. नथीला सोनं फार लागत नाही. जाड तारेची एक वळी करायची, तिच्यावर या बारीक तारेनं एकेक मोती आवळत जायचा, मध्ये माणकाचा किंवा डाळिंबी रंगाचा खडा बसवायचा. सांगायला चार वाक्यं. करायला दीड दिवस. त्यातला निम्मा वेळ मोती जुळवण्यात जातो.

खोलीचा केर मी वेगळ्या झाडणीनं काढते आणि तो फेकीत नाही. आमच्या लहानपणी सोनारांच्या दुकानांतली राख आणि केर विकत न्यायला झारेकरी येत. धूळ धुऊन त्यातून ते सोन्याचे कण काढीत. आता झारेकरी येत नाहीत, पण सवय राहिली आहे. सूनबाई थट्टा करते, ‘आईंच्या केराला सुद्धा भाव आहे!’

गिऱ्हाइकं आता निराळी येतात. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ पडद्यावर आला आणि त्यातल्या काशीबाईंची नथ पाहून मुलींची रीघ लागली. ज्यांच्या आयांनी नथ जुनाट म्हणून कपाटात टाकली होती, त्या मुली फोनवर चित्र दाखवून ‘काकू, अगदी अश्शी हवी’ म्हणू लागल्या. नाक टोचलेलं नसेल तर चापाची करून देते. परवा एक मुलगी म्हणाली, ‘काकू, बाजारात दीडशे रुपयांना मिळते की!’ मी म्हटलं, ‘मिळते ना. आणि चांगली दिसतेही. एका हळदीकुंकवापुरती ती घे. पण ती उसवली तर माझ्याकडे आणू नकोस, कारण तिच्यात उसवण्यासारखं काही नसतंच.’ ती हसली आणि निघून गेली. पंधरा दिवसांनी पुन्हा आली, ती आजीची नथ घेऊन. माझा धंदा हा असा चालतो.

गंमत अशी, की आपण जिला इतकी आपली म्हणतो ती नथ फार पुरातन नाही. अजिंठ्याच्या चित्रांतल्या सुंदरींच्या अंगावर मोत्यांचे सर आहेत, पण नाकं मोकळी आहेत! पुण्याच्या भांडारकर संस्थेतले विद्वान प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा शोध घेऊन लेख लिहिला होता. जुन्या शिल्पांत आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत नाकातला दागिना सापडत नाही. तो मागाहून आला. आला मात्र असा, की नाकाचाच होऊन बसला.

मोत्यांचंही तसंच. आपल्या आज्या ज्यांना बसऱ्याचे मोती म्हणत, ते इराणच्या आखातातले. पाणबुड्यांनी बुडी मारून काढलेले शिंपले, त्यांतून निघालेले मोती जहाजानं मुंबईला येत, तिथं त्यांची निवड होई, त्यांना भोकं पडत आणि मग ते जगभर जात. वजन कमी होऊ नये म्हणून भोक सुईच्या टोकाएवढं पाडीत. पुढं जपानात मिकिमोटो यांनी १८९३ साली शिंपल्यात मोती पिकवून दाखवला, पिकवलेले मोती स्वस्त होत गेले, १९३० नंतरच्या मंदीत तर आखाताचा व्यापार बसलाच. आज माझ्या चाळणीत पडतात ते बहुतेक चीनमधल्या गोड्या पाण्यातले. तेही खरेच मोती बरं का! शिंपल्यानंच केलेले. पण बसऱ्याचा मोती आता नवा असा फारसा येत नाही. तो जुन्या दागिन्यांतूनच निघतो. म्हणून जुनी नथ हातात आली की माझी छाती थोडी धडधडते. आणि म्हणूनच वडिलांनी घालून दिलेला एक नियम मी कधी मोडला नाही: गिऱ्हाइकाची मोत्यांची वस्तू त्याच्यासमोर मोजल्याशिवाय घरात घ्यायची नाही. किती मोती, केवढे, कसे, सारं वहीत लिहायचं आणि खाली सही घ्यायची. ‘सोनार आईचंही सोनं चोरतो,’ असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्याला एक वाक्य पुरतं. ऐकणाऱ्याला जन्मभर पुरतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, सोनार होते. आमच्या वाड्याच्या दिंडीदरवाजाशी त्यांचं खोलीएवढं दुकान होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. आईनं मला कडेवर घेतलं होतं आणि अण्णांनी डोक्यावर हत्यारांची पेटी, एवढं आठवतं. पेटी वाचली. पण पुरानं जे नेलं नाही ते दीड वर्षानं कायद्यानं नेलं. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आलं. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी! चीनच्या युद्धानंतरचे दिवस होते, परदेशी चलन वाचवायचं होतं, सोन्याची चोरटी आयात थांबवायची होती. सरकारजवळ कारणं होती. पण चौदा कॅरटचं सोनं हाताला ताठ लागतं, तार ओढताना कुरकुरतं, रंगाला फिकं दिसतं. ते घालायला बायका तयार होईनात आणि घडवायला सोनार. गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या विझल्या. अण्णांनी त्यांची बागेसरी एका पोत्यात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. दिवसा ते एका वखारीत कारकुनी करू लागले. १९६६ साली कॅरटची अट उठली, पण तोपर्यंत अण्णांचं गिऱ्हाईक पांगलं होतं. ती बागेसरी पुन्हा खाली आली नाही.

मोत्यांवर मात्र नियंत्रण नव्हतं. संध्याकाळी वखारीतून आले की अण्णा कंदिलासारखा एक दिवा जवळ ओढून दागिने गाठवायला बसत. तन्मणी, चिंचपेट्या, नथी. उजेडाची पंचाईत म्हणून रंग निवडायचं काम सकाळी माझ्याकडे असे. शाळेत जाण्यापूर्वी मी मोती जुळवून वाटीत ठेवायची. मला हा धंदा कुणी शिकवला नाही. तो मला शाळेच्या आधीचा अभ्यास म्हणून मिळाला.

अण्णांचा हात मी कुठंही ओळखीन. नथीची बारीक तार संपते तिथं तिचं टोक राहतं. ते नीट दडवलं नाही तर ओठाला टोचतं. बहुतेक जण दोन वेढे देऊन टोक कापतात. अण्णा दोन वेढे सुलटे देत, तिसरा उलटा घेत आणि टोक मोठ्या मोत्याच्या पोटाखाली सरकवून देत. मीही तसंच करते. दागिन्यावरची ही आमची सही; भिंगाशिवाय दिसत नाही आणि आमच्यावाचून कुणाला वाचता येत नाही.

आता जी हकीकत सांगायची म्हणून हे सारं सांगितलं, ती गेल्या वर्षीची. दिवाळीच्या तोंडावर एक बाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका, बार्शीकडच्या. पदराखालून त्यांनी एक डबी काढली. आत कापसात नथ. आई वर्षापूर्वी गेल्या, नातीचं लग्न जवळ आलंय, नथीची तार झिजली आहे, नव्यानं गाठवून द्या, असं त्यांचं म्हणणं.

‘बसऱ्याचे मोती आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘वाटण्या झाल्या तेव्हा भाऊ म्हणाला, घर आणि जमीन आम्हांला असू दे, तू ही नथ घे, ही एकटी लाखाच्या घरात जाते. मला तरी दुसरं काय हवं होतं? मी हक्कसोडपत्रावर सही केली आणि ही घेऊन आले.’

नेमाप्रमाणं मी मोती मोजले. एकवीस. वहीत लिहिले. मग भिंग लावून तारेचं टोक शोधू लागले आणि मला हसूच फुटलं. दोन वेढे सुलटे, तिसरा उलटा, टोक मोठ्या मोत्याखाली! मी लहान मुलीसारखी ओरडले, ‘अहो ताई, ही नथ माझ्या वडिलांनी गाठवली आहे!’ त्यांनाही आनंद झाला. आम्ही दोघी त्या इवल्याशा गाठीकडे पाळीपाळीनं भिंगातून बघत राहिलो. यांना मी चहा टाकायला सांगितला.

मग मी तार सोडली. पहिला मोती हातात आला, आणि माझा हात थांबला. त्याचं भोक मोठं होतं. भोकाच्या कडेचं पातळ साल निघालं होतं आणि आतून काच चमकत होती. दुसरा तसाच. तिसरा मी दाताला घासून पाहिला. खरा मोती दाताला किंचित रवाळ लागतो. हा काचेसारखा गुळगुळीत घसरला. एकवीसच्या एकवीस मोती खोटे होते.

वाचकहो, खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. नवी तार घालून नथ परत दिली असती तर कुणाला कळलं असतं? नातीचं लग्न झालं असतं, बाई समाधानानं राहिल्या असत्या, भावाबहिणींत वाकडं आलं नसतं. आणि दोनच मिनिटांपूर्वी मी मोठ्या दिमाखानं सांगून बसले होते, की ही गाठ माझ्या वडिलांची! मोती खोटे म्हणायचं, तर ते कुणी घातले याचं उत्तरही मीच देऊन ठेवलं होतं. अण्णांना जाऊन तीस वर्षं झाली. त्यांच्या बाजूनं बोलायला माझ्यावाचून कोण होतं?

पण त्या बाईंनी एका कागदावर सही करून घरावरचा आणि जमिनीवरचा हक्क सोडला होता, आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या हाती आलेली वस्तू माझ्या पाटावर पडली होती. उद्या अडीनडीला त्या ही नथ विकायला गेल्या असत्या तर? तेव्हा एखाद्या परक्या दुकानदारानं चारचौघांत सांगण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. मी मोती घडीवर ठेवले, भिंग त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘ताई, भोकाच्या कडेला काय दिसतं बघा.’

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाल्या, ‘म्हणजे तुमच्या वडिलांनी...’ आणि थांबल्या. पुढचं वाक्य बोलू नये एवढी सभ्यता त्यांच्याजवळ होती. पण ते आम्हां दोघींना ऐकू आलं.

माझ्याजवळ पुरावा कसलाच नव्हता. होती ती एक आठवण, आणि ती मी त्यांना जशीच्या तशी सांगितली. १९७२ च्या दुष्काळाचं वर्ष. मी सतरा वर्षांची. त्या वर्षी आमच्याकडे खेड्यांतून बायका येत. एकट्या येत, संध्याकाळ पडता पडता येत. डबीतून नथ काढीत. अण्णा विचारीत, ‘बाई, घरी सांगून आलात का?’ बहुतेक जणी मान खाली घालीत. मग अण्णा खरे मोती उतरवून रीतसर मोजून त्यांच्या हातात देत, त्या ते बाजारात विकीत, आणि त्या जागी अण्णा काचेचे मोती बसवून देत. घरातल्या माणसांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये म्हणून. ते काचेचे मोती मुंबईहून पुडीतून येत, आणि मापाला माप जुळवून द्यायचं काम माझं होतं. अण्णा म्हणत, ‘नीट जुळव. बाईची लाज तुझ्या हातात आहे.’ एरवी प्रत्येक वस्तू वहीत उतरवणारे अण्णा या नथींपुढं नाव लिहीत नसत. नुसता आकडा टाकीत. का, ते मी तेव्हा विचारलं नाही.

‘तेव्हा ताई,’ मी म्हटलं, ‘हे मोती कदाचित माझ्याच हातचे असतील. आपल्या आईंना मी पाहिलं असेलही. मला आठवत नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण जे आहे ते हे आहे.’

चहा निवून गेला होता. रस्त्यावर मुलं टिकल्या उडवीत होती, तेवढाच आवाज. बाई एकेक मोती बोटानं उचलून पुन्हा खाली ठेवीत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘बहात्तर साली मी इथंच पुण्यात डी.एड.ला होते. वसतिगृहात. दादाचं पत्र आलं, की विहीर आटली, फी भरता येत नाही, नाव काढून परत ये. मी ट्रंक भरली होती. दोन दिवसांनी आईची मनीऑर्डर आली. आईची! तिच्या हाती कधी दहा रुपये राहत नसत. मी सुट्टीत गेले तेव्हा विचारलं. ती म्हणाली, भिशी लागली.’

मग त्या हसल्या, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला. ‘आमच्या गावात कसली आलीय भिशी! पन्नास वर्षं मला ते सुचलं नाही हो.’

मी काही बोलले नाही. खरं तर हीच ती नथ आणि हीच ती फी, असं सिद्ध करायला त्यांच्याजवळही काही नव्हतं.

पुढचा व्यवहार मात्र त्यांनी मास्तरीण बाईंना शोभेल असा चोख केला. ‘हेच मोती पुन्हा ओवा,’ म्हणाल्या. मी सांगितलं, की दोन मोत्यांचं साल पार गेलं आहे, ते पुन्हा बसवले तर काच दिसेल. ‘मग ते दोन खरे घाला. बाकीचे आईचे राहू देत.’ भावाला सांगणार का, हे विचारायचा मला अधिकार नव्हता. त्यांनीच जाता जाता सांगितलं, ‘दादानं फसवलं नाही मला. त्यालाही ठाऊक नसणार. सांगायचं की नाही ते मी बघेन. पण नातीला सांगणार.’

दीड दिवसाऐवजी त्या नथीला मला तीन दिवस लागले. काचेचं साल जपावं लागतं. खऱ्या मोत्याहून खोटा अधिक नाजूक, हे मला त्या तीन दिवसांत नव्यानं कळलं. शेवटी दोन वेढे सुलटे दिले, तिसरा उलटा घेतला आणि टोक मोठ्या मोत्याच्या पोटाखाली सरकवलं. घडणावळ मी नेहमीचीच लावली. त्या कमी घ्या म्हणाल्या नाहीत आणि मीही नको म्हटलं नाही. हाताच्या कामाचं मोल मोत्याच्या खरेखोटेपणावर ठरत नसतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

नथ डबीत घालताना त्या म्हणाल्या, ‘पावती द्या. आणि तिच्यावर नीट लिहा.’ २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना टप्प्याटप्प्यानं हॉलमार्कची सक्ती झाली आहे. तो सोन्याची शुद्धता सांगतो, आणि ते फार चांगलं झालं. पण मोती कुठून आला आणि कुठं गेला, हे कोणताच शिक्का सांगत नाही. ते माणसालाच लिहावं लागतं. मी लिहिलं: ‘नथ एक. सोन्याची तार नवी. मोती खरे दोन, काचेचे एकोणीस.’ त्यांनी चष्मा लावून वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ‘काचेचे एकोणीस’च्या पुढं स्वतःच्या अक्षरात दोन शब्द लिहिले: ‘आईचे. १९७२.’

लग्नाचा फोटो त्यांनी नंतर फोनवर पाठवला. नातीच्या नाकात नथ छान बसली आहे. ओठाला कुठं टोचत नाही, गालावर झुकत नाही. मी तो फोटो भिंग लावून पाहिला. त्यात गाठ दिसत नाही, आणि काच कुठली, मोती कुठला, तेही सांगता येत नाही.

माझी नात हल्ली सुट्टीत सकाळी खिडकीशी येऊन बसते. परवा तिनं विचारलं, ‘आजी, नाकापेक्षा मोती जड म्हणजे काय गं?’ मी तिला म्हणीचा अर्थ शाळेतल्यासारखा नीट समजावून सांगितला. मग तिच्यापुढं वाटी सरकवली आणि म्हटलं, ‘यातले सारख्या रंगाचे सात काढ बघू. नीट जुळव हं!’